विल्यम कूपर आणि ऊझकांठची वाट

जॉन गिल्पिन या लंडनच्या कापडवाल्याची, त्याच्या भरधांव सुटलेल्या घोड्याची व वाऱ्यावर उडून गेलेल्या टोपाची गोष्ट इंग्रजी शिकणाऱ्या मुलांनीं पिढ्यान् पिढ्या हंसत हंसत वाचिली आहे. परंतु ज्या कवीनें ती पद्यांत गुंफिली, तो त्या वेळीं आनंदाच्या भरांत नसून अत्यंत खिन्न होता, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. त्या कवीचें नांव विल्यम कूपर. नांवाचीं इंग्रजी अक्षरें पाहून आमचे विद्यार्थी कौपर असा उच्चार करितात. त्यांत त्यांचा दोष नाहीं, अक्षरें तसेंच सांगतात. पण त्याच्या घराण्यांत कूपर असेंच म्हणत असत, म्हणून आम्हीही तेंच नांव येथें ठेवितों.

कूपरचा जन्म हर्टफर्डशर परगण्यांतील बर्कम्स्टेड गांवीं १७३१ च्या नोव्हेंबर महिन्यांत झाला. वडील तेथील ख्रिस्तमंदिराचे पाळक होते. मुलाला सहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच १७३७ सालीं त्याची आई एका धाकट्या मुलाला जन्म देऊन वारली. हें दुःख त्याच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. पन्नासांहून अधिक वर्षांनीं, १७९० सालीं, नॉर्फकमधील एका मावसघरच्या आप्त स्त्रीनें त्याला आईची तसबीर पाठविली, तेव्हां त्या पिकल्या केंसांच्या माणसानें ती निजण्याच्या खोलींत अशा ठिकाणीं लाविली कीं, रात्रीं डोळे मिटतांना शेवटीं व सकाळीं उघडतांना प्रथम तीच दिसावी. त्या तसबिरीवर त्यानें केलेली कविता त्याच्या उत्तम कवितांत गणली जाते.

आई गेल्यावर मुलाला लागलीच दूरच्या वसतिशाळेंत घालण्यांत आलें. तेथें पंधरा वर्षांच्या एका दांडग्या मुलानें या लहानग्याचा इतका छळ मांडिला कीं, त्याच्या गुडघ्यांच्या वर नजर उचलण्याचाही कूपरला धीर होईना. तो त्याला तोंडावरून ओळखीत नसे, बुटांच्या बकलांवरून ओळखीत असे. पुढें हा प्रकार उघडकीस येऊन त्या दांडग्याला शाळेंतून काढून टाकण्यांत आलें. वसतिगृहांत राहणाऱ्या आमच्या थोरल्या विद्यार्थ्यांनीं ही हकीगत वाचून पुढें जाण्याची घाई करूं नये, एवढेंच आम्ही म्हणतों.

यानंतर तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेंत गेला. तेथें दिवस सुखाचे गेले. तो ग्रीक व लॅटिन उत्तम शिकला, आणि क्रिकेट व चेंडूच्या खेळांतही मागें नव्हता. त्याच शाळेंत त्याच्या बरोबरीनें वॉरन हेस्टिंग्ज नांवाचा एक मुलगा शिकत होता. हिंदुस्थानच्या इतिहासांत त्या मुलानें पुढें काय काय केलें, तें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

वडिलांच्या इच्छेप्रमाणें कूपर कायद्याच्या अभ्यासाला लागला व १७५४ सालीं बॅरिस्टर झाला; पण त्याचें मन त्यांत नव्हतें. दिवसाचा बराच वेळ तो चुलत्यांच्या घरीं, थिओडोरा व हॅरिएट या चुलतबहिणींच्या सहवासांत थट्टाविनोदांत घालवी. थिओडोरेवर त्याचें प्रेम जडलें. तिकडच्या चालीप्रमाणें असा विवाह निषिद्ध नव्हता, परंतु चुलत्यांनीं संमति दिली नाहीं. थिओडोरेनें जन्मभर लग्न केलें नाहीं आणि त्याच्या कविता शेवटपर्यंत जपून ठेविल्या. हॅरिएट पुढें लेडी हेस्केथ झाली. तिची भेट आपणांस पुन्हां होईल.

१७६३ सालीं त्याच्या आप्तांनीं त्याला वरिष्ठ सभागृहाच्या दप्तरांत एक चांगली जागा मिळवून देण्याचें ठरविलें. काम हलकें होतें, पण वाद निघाल्यामुळें त्याला सरदारांच्या सभेपुढें उभें राहून आपल्या लायकीची परीक्षा द्यावी लागणार होती. दुसऱ्या कोणी ही गोष्ट चार दिवस काळजी करून निभावून नेली असती. कूपरला लोकांपुढें उभें राहण्याची कल्पनाच मरणाहून कठीण वाटूं लागली. दिवस जवळ आला तसतसा त्याच्या बुद्धीचा तोल गेला, आणि त्यानें आपला जीव घेण्याचा प्रयत्न केला. तो त्यांतून वांचला, हें सुदैव. त्याला सेंट ऑल्बन्स येथें डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन यांच्या वेड्यांच्या रुग्णालयांत ठेविलें. त्या काळीं वेड्यांना सांखळदंडांत बांधून मारहाण करणारीं घरें पुष्कळ होतीं. डॉक्टर कॉटन मात्र दयाळू गृहस्थ होते व स्वतः कविताही करीत. त्यांच्या हाताखालीं दीड वर्षानें कूपर बरा झाला.

लंडनला परत जाण्याचा मार्ग आतां खुंटला होता. त्याचा धाकटा भाऊ केंब्रिज येथें होता. त्यानें तेथून जवळच हंटिंग्डन गांवीं त्याची राहण्याची सोय केली. १७६५ च्या जून महिन्यांत कूपर तेथें आला, आणि ऊझ नदीची व त्याची पहिली भेट येथें झाली. ऊझ ही इंग्लंडच्या मानानें लांब, पण वाहण्याची मुळींच घाई नसलेली नदी आहे. सपाट कुरणांतून नागमोडी वळणें घेत, विलोच्या झाडांखालून ती इतकी सावकाश जाते कीं, पाणी कोणत्या दिशेस चाललें आहे हें क्षणभर उभें राहून पाहावें लागतें. अशा नदीच्या कांठीं अशा मनाचा मनुष्य येऊन राहिला, हें आम्हांस बरें वाटतें.

एके दिवशीं उपासना संपल्यावर प्रार्थनामंदिराजवळच्या झाडांच्या रांगेखालीं कूपर एकटाच येरझारा घालीत होता. त्याचा उदास चेहरा पाहून विल्यम अन्विन नांवाचा एक तरुण विद्यार्थी आपण होऊन त्याच्याजवळ गेला व त्याच्याबरोबर चालूं लागला. पुढच्या पस्तीस वर्षांचें सारें आयुष्य या एका लहानशा चालण्यांतून निघालें. विल्यमनें त्याला आपल्या घरीं नेलें. वडील धर्मोपदेशक होते. आई मेरी अन्विन या कूपरहून कांहीं वर्षांनीं वडील, शांत, वाचनाची आवड असलेल्या व मनमोकळें हंसणाऱ्या बाई होत्या. त्याच हिंवाळ्यांत कूपर त्यांच्या घरीं राहावयास गेला. १७६७ च्या जुलैमध्यें अन्विनसाहेब घोड्यावरून पडून वारले. त्यानंतरही कूपर व अन्विनबाई यांनीं एकमेकांस सोडलें नाहीं. लोक कांहीं बोलले असतीलच. परंतु ज्यांनीं त्यांचें घर जवळून पाहिलें त्यांपैकीं कोणीं त्या नात्याच्या निर्मळपणाविषयीं शंका घेतली नाहीं.

त्याच वेळीं जॉन न्यूटन त्यांच्या भेटीस आले. हे गृहस्थ पूर्वीं आफ्रिकेंतून गुलाम नेणाऱ्या जहाजांचे कप्तान होते. पुढें त्यांचें मन पालटलें व ते ऑल्नी गांवाचे उपपाळक झाले होते. त्यांच्या आग्रहावरून अन्विनबाई व कूपर ऑल्नीस राहावयास गेलीं. हें गांव बकिंगहॅमशरच्या उत्तर टोंकास, ऊझ नदीवरच, पण हंटिंग्डनच्या बरेंच वरच्या अंगास आहे. त्याचें प्रार्थनामंदिर नदीच्या कांठींच असून त्याचा उंच निमुळता मनोरा कुरणांतून दुरून दिसतो. गांव गरीब होतें. घरोघर बायका व मुलें लेस विणीत. त्या लहानशा गांवांत असे सुमारें १२०० जीव होते, आणि कूपरनें आपल्या पत्रांतून त्यांच्या उपासमारीचें वर्णन केलें आहे. पुढें एका धनिकानें नांव गुप्त ठेवण्याच्या अटीवर या गरिबांसाठीं पैसे पाठविले, ते कूपर व अन्विनबाई यांनींच घरोघर वांटिले.

बाजाराच्या चौकांतील त्यांच्या विटांच्या घराचें नांव ऑर्चर्ड साइड. घर ओलसर, थंडीनें भरलेलें. मागें बाग, पलीकडे एका शेजाऱ्याची फळझाडें, आणि त्यांच्या पलीकडे न्यूटन यांचें घर. मधल्या वाटेनें जाण्यायेण्याच्या हक्काबद्दल त्या शेजाऱ्यास वर्षाकांठीं एक गिनी देण्याचें ठरलें होतें. या वाटेनें दोघे मित्र रोज एकमेकांकडे जात. दोघांनीं मिळून उपासनेसाठीं गीतें रचण्याचा संकल्प केला. तीं १७७९ सालीं प्रसिद्ध झालीं. एकंदर ३४८ गीतांपैकीं सुमारें ६७ कूपरचीं आहेत, व त्यांतलीं कांहीं आमच्या उपासनेंतही गाइलीं जातात.

परंतु तें पुस्तक निघण्याच्या पुष्कळ आधींच कूपरची लेखणी गळून पडली होती. १७७३ च्या जानेवारींत दुखणें उलटलें. त्यांतच त्याला एक भयंकर स्वप्न पडलें, आणि देवानें आपला कायमचा त्याग केला आहे, अशी त्याची खात्री झाली. ज्यानें इतरांच्या समाधानासाठीं गीतें लिहिलीं, तो स्वतः मात्र त्यांतील एकाही शब्दावर आपला हक्क नाहीं असें मानून बसला. उपासनेस जाणें त्यानें सोडलें. एका वर्षाहून अधिक काळ तो न्यूटन यांच्या घरीं राहिला. तो स्वतःच्या घरीं परत जाण्यासही तयार होईना, आणि न्यूटन यांनीं तें सर्व सहन केलें. अन्विनबाई रात्रंदिवस त्याच्याजवळ होत्या. दोघांच्या विवाहाचें ठरत होतें, तें या दुखण्यानें राहिलें तें राहिलेंच.

बुद्धि हळूहळू ताळ्यावर आली, पण ती काळी खात्री गेली नाहीं. दिवस कसा घालवावा हा प्रश्न होता. १७७४ सालीं कोणीं त्याला एक रानसशाचें पिल्लूं आणून दिलें. ही गोष्ट गांवांत पसरतांच इतकीं पिल्लें येऊं लागलीं कीं, त्यानें तीनच ठेवून घेतलीं. पुस, टाइनी व बेस अशीं त्यांचीं नांवें. नांवांवरून कोणी माद्या समजेल, पण तिघेही नर होते. त्यांच्यासाठीं कूपरनें आपल्या हातानें लांकडी घरें बनविलीं. संध्याकाळीं ते बैठकीच्या खोलींत येऊन गालिच्यावर बागडत. पुस आजारी पडला असतां कूपरनें त्याची शुश्रूषा केली, तेव्हां त्यानें धन्याचा हात मागून, पुढून, बोटांबोटांमधून चाटून काढिला. टाइनी मात्र अखेरपर्यंत चिडकाच राहिला. अंगाला हात लावला कीं गुरगुरे व पुढचे पाय मारी. कूपरनें त्याच्यावरही तितकीच माया केली. पुस जवळ जवळ बारा वर्षें जगला. या सशांची साग्र हकीगत त्यानें १७८४ सालीं एका मासिकांत छापविली. ती प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेंही वाचण्यासारखी आहे.

सशांबरोबर सुतारकाम आलें, बाग आली, कांचेचें घर बांधून त्यांत थंडींतही कांकड्या पिकविणें आलें. १७८० सालीं न्यूटन लंडनला गेले, तेव्हां एकटेपणा वाढला. त्यावर अन्विनबाईंनीं उपाय सुचविला, तो म्हणजे एखादें लांबसें काव्य लिहिण्याचा. अशा रीतीनें पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा मनुष्य खऱ्या अर्थानें कवि झाला. पहिला संग्रह १७८२ सालीं निघाला.

आतां हिंवाळ्याविषयीं. तिकडचा हिंवाळा आपल्या हुरड्याच्या दिवसांसारखा नव्हे. डिसेंबरांत दुपारीं चार वाजतां अंधार पडतो. सूर्य वर चढतच नाहीं. क्षितिजाच्या थोडा वर येऊन तेथूनच परततो. ऊझ नदीला पूर येऊन कुरणें पाण्याखालीं जातात, धुकें खोऱ्यांत कोंडून राहतें, वाटेवर घोट्याइतका चिखल होतो. कूपरला हा काळ वैऱ्यासारखा होता. १७७३ चें दुखणें जानेवारींतलें, म्हणून प्रत्येक जानेवारी येतांना तो धसका घेई. आणि नेमक्या याच काळांत बाहेर फिरणें अशक्य होई. ऑर्चर्ड साइडच्या मागें खडी टाकलेली तीस यार्ड लांबीची एक पायवाट होती. वर्षांतले आठ महिने एवढ्याच वाटेवर तो व अन्विनबाई येरझारा घालीत. तीस यार्ड म्हणजे आमच्या शाळेच्या ओसरीएवढी जागा! तेरा वर्षें हा क्रम चालला.

तरी जरा ऊन पडलें कीं दोघें बाहेर निघत. १७८१ सालीं लेडी ऑस्टिन नांवाच्या एका बोलक्या व आनंदी विधवेशीं त्यांची ओळख झाली. त्या नदीपलीकडे क्लिफ्टन येथें बहिणीकडे उतरत. त्यांना भेटावयास म्हणून एकदां कूपर व अन्विनबाई चिखलांतून निघालीं. वाट पाण्याखालीं, पाय रुतत आहेत, अन्विनबाईंची तारांबळ, आणि शेवटीं बेत सोडून दोघें घरीं परत! या फजितीवर कूपरनें एक गमतीचें गाणें लिहिलें. चिखलांत पाय रुतल्याचा व उपसल्याचा आवाजसुद्धां त्यानें त्यांत पकडला आहे. ज्याला आपण नरकाचे धनी आहों असें वाटत होतें, त्यानें चिखलांत अडकलेल्या दोन प्रौढ माणसांवर हंसावें, हें आम्हांस गिल्पिनच्या गोष्टीहूनही अधिक मोलाचें वाटतें.

गिल्पिनची गोष्टही लेडी ऑस्टिन यांनींच सांगितली. १७८२ च्या शरदृतूंत एका संध्याकाळीं कूपर फारच खचलेला पाहून त्यांनीं लहानपणीं ऐकलेली ही कथा काढिली. तो रात्रभर अंथरुणांत हंसत होता, आणि लवकरच तिचें पद्य तयार झालें. नोव्हेंबरांत तें एका वर्तमानपत्रांत निनांवी छापलें गेलें. पुढें एका नटानें तें लंडनमध्यें वाचून दाखविलें, आणि सारें शहर हंसूं लागलें. त्याच बाईंनीं त्याला एकदां निर्यमक वृत्तांत काव्य लिहिण्याचा आग्रह केला. विषय विचारतां खोलींतल्या कोचाकडे बोट दाखविलें. कोचापासून निघालेलें तें काव्य वाढत वाढत सहा सर्गांचें झालें. ‘द टास्क’ या नांवानें तें १७८५ सालीं प्रसिद्ध झालें व कूपर देशभर मान्यता पावला. मध्यंतरीं लेडी ऑस्टिन यांचें या घराशीं बिनसलें. त्या घरगुती वादांत शिरण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

या काव्याच्या सहा सर्गांपैकीं तीन हिंवाळ्याचे आहेत: एक संध्याकाळचा, एक सकाळच्या फेरफटक्याचा व एक दुपारच्या फेरफटक्याचा. ज्या ऋतूची त्याला भीति होती, त्याच्याकडेच तो तोंड करून उभा राहिला. सकाळच्या सर्गांत कोंवळ्या, तिरप्या उन्हांत त्याची सांवली शेतावर लांबच लांब पडते व आपल्या काटकुळ्या पायांची सांवली पाहून त्यालाच मौज वाटते. गुरें कुंपणाच्या कडेला वैरणीची वाट पाहत मुकाट्यानें उभीं आहेत; लांकूडतोड्या कुत्र्याला बरोबर घेऊन, चिलीम ओढीत रानाकडे निघाला आहे; गिरणीच्या बांधावर पडणारें पाणी गोठून त्याचे विलक्षण आकार झाले आहेत. त्याच सर्गांत पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाचा त्यानें धिक्कार केला आहे. तो तुरुंग लोकांनीं फोडला तो चार वर्षांनीं, १७८९ सालीं.

दुपारच्या सर्गांत तो वेस्टन गांवाकडे जातो. ऑल्नीपासून हें गांव मैल-सव्वा मैलावर, खोऱ्याच्या वर थोड्या उंचवट्यावर आहे. वाटेंत चढावर उभें राहिलें म्हणजे खालीं ऊझचीं वळणें, गुरें, गांवोगांवचे मनोरे दिसतात. पहिल्या सर्गांत याच ठिकाणीं तो सोबतिणीचा उल्लेख करितो: वीस हिंवाळे झाले, हिचा हात माझ्या हातांत गुंतलेला आहे, असा त्याचा भाव आहे. १७६५ पासून मोजिलें असतां हिशेब बरोबर जुळतो. दुपारच्या या फेरींत दुरून घंटांचा नाद येतो. लाइम वृक्षांच्या रांगेखालीं (हें झाड आपल्या लिंबाचें नातलग नव्हे, एवढें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें) बर्फानें झांकलेली जमीन, आणि कोठें कोठें वितळून दिसणारें हिरवें गवत. रॉबिन पक्षी फांदीवरून फांदीवर उडतो, त्यासरशीं गोठलेले थेंब वाळक्या पानांवर टपटप पडतात. त्या आवाजानें शांतता अधिकच गाढ होते. येथेंच तो मुक्या प्राण्यांविषयीं बोलूं लागतो. वाटेवरचा किडा विनाकारण चिरडणारा मनुष्य मित्र म्हणून त्याला नको होता.

संध्याकाळच्या सर्गांतील एक गोष्ट आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. लांब पुलावरून टपालवाला येतो. बुटांवर चिखल, केंस गारठलेले. पडदे ओढले जातात, चहाचें आधण फुसफुसूं लागतें, आणि वर्तमानपत्र उलगडण्यापूर्वीं कवि ज्या बातम्यांची उत्कंठेनें वाट पाहतो, त्यांत हिंदुस्थानची बातमी आहे: त्या देशाला शांतता लाभली, कीं अजून आम्ही त्याला दळून काढीत आहों, अशी त्याला चिंता आहे. कंपनीच्या लुटीविषयीं इतक्या स्पष्टपणें बोलणारा इंग्रज कवि त्या काळीं विरळा. याच कूपरनें १७९२ सालीं, खटल्यांत सांपडलेल्या हेस्टिंग्जच्या बाजूनें एक लहानशी कविता लिहिली, कारण तो शाळेंतला सोबती. या दोन गोष्टींचा मेळ आम्हांस घालतां येत नाहीं, व घालण्याचा हव्यासही नाहीं.

ज्या १७८५ सालीं हें काव्य निघालें, त्याच सालीं नॉर्थॅम्प्टनशरमधील एक गरीब चांभार ऑल्नीच्या बॅप्टिस्ट मंडळींत दाखल झाला. त्याचें नांव विल्यम केरी. वीस वर्षांनीं, १८०५ सालीं, मराठी भाषेचें पहिलें छापील इंग्रजी व्याकरण श्रीरामपूर येथें त्यानेंच प्रसिद्ध केलें.

वेस्टनची बाग थ्रॉकमॉर्टन नांवाच्या रोमन कॅथलिक घराण्याची होती. १७८४ च्या मे महिन्यांत त्यांनीं एक विमानगोळा उडविण्याचा घाट घातला व शेजाऱ्यांना बोलाविलें. गोळा उडाला नाहीं, पण कूपरची व त्या तरुण दांपत्याची ओळख झाली. त्यांच्या बागेची किल्ली त्याच्या खिशांत आली, आणि तीस यार्डांच्या कैद्याला सबंध उपवन मोकळें झालें. त्या काळीं कॅथलिकांशीं असा घरोबा करणें पुष्कळ प्रॉटेस्टंटांना रुचत नसे. १७८६ सालीं कूपरची चुलतबहीण लेडी हेस्केथ ऑल्नीस आली. तिच्या गाडींतून फिरणें, थ्रॉकमॉर्टनांकडे भोजनास जाणें सुरू झालें. गांवांतल्या कोणीं तरी लंडनला कागाळी केली. न्यूटन यांनीं कूपर व अन्विनबाई यांना खरमरीत पत्र लिहिलें. तुम्ही ऐषआरामांत पडलां, असा त्याचा रोख होता. न्यूटन यांच्या हेतूविषयीं किंवा त्यांनीं पूर्वीं केलेल्या उपकारांविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. पण आजाऱ्याला ऊन लागत असतां त्याच्यापुढें आडवें उभें राहावें, तसें त्यांच्या हातून झालें. अन्विनबाईंना पत्राचें फार वाईट वाटलें. कूपरनें संतापाचा शब्द न काढतां उत्तर दिलें. फिरणेंही सोडलें नाहीं, आणि न्यूटन यांची मैत्रीही सोडली नाहीं.

त्याच नोव्हेंबरांत त्यांनीं ऑर्चर्ड साइडचें ओलें घर सोडून वेस्टन येथें थ्रॉकमॉर्टनांच्या एका चांगल्या घरांत बिऱ्हाड केलें. पंधरा दिवस झाले नाहींत तोंच विल्यम अन्विन तापानें वारल्याची बातमी आली. हंटिंग्डनच्या झाडांखालीं प्रथम बरोबर चालणारा तोच हा सोबती. जानेवारी आली. ग्लासगोहून सॅम्युएल रोझ नांवाचा एक तरुण, तेथील प्राध्यापकांचे धन्यवाद घेऊन, मुद्दाम कवीला भेटावयास आला. तो गेला आणि दुखणें उलटलें. पुन्हां जीव देण्याचा प्रयत्न झाला. अन्विनबाई वेळेवर खोलींत आल्या म्हणून तो वांचला. सहा महिने तो कोणाशीं नीट बोलला नाहीं. बरा झाल्यावर त्यानें पहिल्यांदा पत्र लिहिलें तें या रोझला, व त्यानें दिलेल्या बर्न्सच्या कविता दोनदां वाचून काढिल्या.

यापुढचीं चार-पांच वर्षें त्याच्या आयुष्यांतलीं बरीं वर्षें होतीं. रोज ठराविक ओळी असा नेम धरून त्यानें होमरचीं दोन्ही महाकाव्यें इंग्रजींत आणिलीं. तीं १७९१ सालीं छापलीं. १७८८ सालीं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानें पोवाड्यांच्या धर्तीवर गीतें लिहिलीं, आणि त्याच सालीं न्यूटन यांनीं स्वतःच्या जुन्या धंद्याची लाजिरवाणी हकीगत लिहून प्रसिद्ध केली. रोजचें फिरणें चालूच होतें. आतां बरोबर बो नांवाचा कुत्रा असे. एकदां ऊझच्या कांठीं कूपर काठीनें एक कमळ ओढूं पाहत होता, तें हातीं लागलें नाहीं. परत येतांना बोनें पाण्यांत उडी घालून तें तोडून आणिलें व धन्याच्या पायांशीं ठेविलें. निनांवी भेटीही येत. त्यांतली एक तपकिरीची डबी होती. झांकणावर तिघां सशांचें चित्र. ती थिओडोरेनें पाठविली असावी, असें पुष्कळ चरित्रकार मानितात.

१७९१ च्या डिसेंबरांत अन्विनबाईंना अर्धांगवायूचा झटका आला; पुढच्या मे महिन्यांत दुसरा आला. बोलणें अडखळूं लागलें, सुई हातांतून सुटली. जिच्या हाताच्या आधारानें तो सव्वीस हिंवाळे चालला, तिला आतां त्याच्या आधारावांचून पाऊल टाकवेना. कूपरनें लेखन बाजूस ठेविलें व सर्व दिवस तिच्याजवळ घालविला. १७९३ सालीं त्यानें तिच्यावर लिहिलेली कविता वाचतांना आमचा आवाज अजूनही स्थिर राहत नाहीं. पण स्वतःचें ओझें ज्याला जड, त्याला हें दुसरें कसें पेलावें? १७९४ च्या आरंभीं तो पुन्हां अंधारांत बुडाला. त्याच सालीं राजाकडून त्याला वर्षाला ३०० पौंडांचें वेतन मिळालें. तें कळण्याच्या स्थितींतही तो नव्हता.

१७९५ च्या जुलैमध्यें त्याचा तरुण आप्त जॉन जॉन्सन दोघांनाही नॉर्फकला घेऊन गेला. निघण्यापूर्वीं कूपरनें वेस्टनच्या खोलीच्या खिडकीच्या झडपेवर पेन्सिलीनें दोन ओळी निरोपादाखल लिहून ठेविल्या. ऊझचा कांठ त्यानें पुन्हां पाहिला नाहीं. जॉन्सन त्याला समुद्रकिनाऱ्यावर फिरवी, पुस्तकें वाचून दाखवी, होमर सुधारण्यास बसवी. १७ डिसेंबर १७९६ रोजीं ईस्ट डिअरम येथें अन्विनबाई वारल्या. कूपरला धक्का बसूं नये म्हणून त्यांना रात्रीं मशालींच्या उजेडांत पुरण्यांत आलें. त्यानें एकदां त्यांचें मुख पाहिलें, आणि त्यानंतर त्यांचें नांव पुन्हां उच्चारलें नाहीं.

१७९९ सालीं त्यानें शेवटची मोठी कविता लिहिली. जहाजावरून समुद्रांत पडलेला एक खलाशी, त्याला वांचवूं न शकलेले त्याचे सोबती, आणि तासभर लाटांशीं झगडून त्याचें बुडणें, असा तिचा विषय आहे. तो खलाशी कोण, हें शेवटच्या ओळींत तो स्वतःच सांगतो. २५ एप्रिल १८०० रोजीं त्याचा अंत झाला. जॉन्सन अखेरपर्यंत जवळ होता. डिअरमच्या त्याच प्रार्थनामंदिरांत, जेथें अन्विनबाईंना ठेविलें होतें तेथें, त्यालाही ठेविलें.

बरोबर शंभर वर्षांनीं, १९०० सालीं, ऑर्चर्ड साइडचें घर गांवाला देण्यांत आलें व तेथें संग्रहालय उघडलें. मागच्या बागेंत, कूपर ज्यांत बसून लिहीत असे, ती दोन खुर्च्या मावतील न मावतील एवढी झोंपडी अद्याप उभी आहे.